कामाचे निरोप व्हॉट्सॲपवरून कंपनीच्या टूलवर कसे आणावेत: टप्प्याटप्प्याने

टीम्स, स्लॅक, गूगल चॅट किंवा झोहो क्लिक यांपैकी एखादे टूल कंपनीने घेतले, सर्वांना ईमेल गेले, एका शनिवारी दोन तासांचे प्रशिक्षण झाले आणि तिसऱ्या आठवड्यात सगळे निरोप पुन्हा व्हॉट्सॲपवर आले, हे मी पुण्याच्या औद्योगिक पट्ट्यात अनेक कारखान्यांत पाहिले आहे. अशा वेळी व्यवस्थापन म्हणते की माणसांना नवे काही नको असते. माझे मत वेगळे आहे. त्याच माणसांनी यूपीआय कोणत्याही प्रशिक्षणाशिवाय उचलले. अडते ते क्रमामुळे: टूल आधी येते, त्यावर नेमके कोणते काम करायचे हे नंतर ठरते, आणि जुना मार्ग कधी बंद व्हायचा हे कोणीच ठरवत नाही.

पुढील क्रम शंभर ते तीनशे माणसांच्या, ऑफिस आणि शॉपफ्लोअर (जिथे मशीन चालतात तो भाग) दोन्ही असलेल्या कारखान्यासाठी लिहिला आहे. फक्त ऑफिस असेल तर टॅबलेट आणि पाळ्यांविषयीचा मजकूर सोडून द्यावा, बाकीचा क्रम तोच ठेवावा. पहिल्या टप्प्यापासून जुना ग्रुप बंद होईपर्यंत साधारण दोन ते अडीच महिने धरा.

टप्पा १: सध्या कोणता निरोप कुठून जातो, याची नोंद करा

या टप्प्याला पूर्ण दोन आठवडे द्यावेत. डिस्पॅच, स्टोअर, क्वालिटी, मेंटेनन्स आणि प्रत्येक पाळीचा सुपरवायझर यांच्याजवळ अर्धा-अर्धा तास बसून एका वहीत चार रकाने भरावेत: निरोप कोणाकडून कोणाकडे गेला, कशासाठी गेला, उत्तर किती वेळात हवे होते, आणि तो निरोप नंतर पुन्हा शोधावा लागतो का. चौथा रकाना सर्वांत महत्त्वाचा आहे, कारण जो निरोप पुन्हा शोधावा लागत नाही तो फोनवर राहिला तरी फारसे बिघडत नाही. ड्रॉइंगची नवी रिव्हिजन, रिजेक्शनचा फोटो, गाडीचा नंबर, मशीन मागच्या वेळी कशाने बंद पडले होते, या गोष्टी मात्र आठवड्याने, महिन्याने पुन्हा लागतात.

हा टप्पा का टाळू नये, हे मला एका सुट्या भागांच्या कारखान्यात कळले. ड्रॉइंगची सुधारित रिव्हिजन दुपारी क्वालिटीच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर आली. त्या दिवशी ग्रुपमधल्या एकाचा वाढदिवस होता, त्यामुळे संध्याकाळपर्यंत ती पीडीएफ केकच्या फोटोंच्या आणि शुभेच्छांच्या खाली गेली. रात्रपाळीच्या सेटरने, म्हणजे मशीन कामासाठी लावून देणाऱ्याने, फोनमध्ये आधीच उतरवून ठेवलेले जुने ड्रॉइंग उघडले, त्याप्रमाणे सेटिंग केले, पहिला नग त्याच मापाने तपासला आणि काम लावले. सकाळी पहिल्या पाळीच्या इन्स्पेक्टरने बोअरमध्ये (नगाच्या भोकात) माप तपासणारा प्लग गेज घातला तेव्हा रात्रीची सगळी लॉट नाकारलेल्या मालाच्या लाल पेटीत गेली. सेटरने काहीच कामचुकारपणा केला नव्हता. त्या कारखान्यात नवे टूल महिनाभर आधीच सुरू झाले होते, ते मीच सुरू करून दिले होते, त्यावर चौदा चॅनेल (विषयवार ग्रुप) उघडून दिले होते, आणि ड्रॉइंग यापुढे कुठे येणार हे कोणालाही सांगितले नव्हते. ही वही मी त्यानंतर भरू लागलो.

सावधान: नोंदी घेताना कोणाचाही फोन हातात घेऊन ग्रुप वाचू नका. फोन त्याचा स्वतःचा आहे. तो सांगेल तेवढेच लिहा.

टप्पा २: हलवायचे एकच काम निवडा

वहीतून एकच काम निवडावे. ते रोज होणारे असावे, त्यात दोन तरी विभागांचा संबंध असावा, आणि त्यातल्या गोंधळाचा त्रास करणाऱ्यालाच होत असावा, केवळ व्यवस्थापनाला नव्हे. माझी पहिली पसंती पाळीबदलाच्या हँडओव्हरला, म्हणजे जाणाऱ्या पाळीने येणाऱ्या पाळीला काम सोपवण्याला, असते. जाणारा सुपरवायझर गेटवर पंच करण्याच्या घाईत असतो, येणारा अजून कपडे बदलत असतो, आणि मशीनची अवस्था दोघांच्या मधल्या दोन वाक्यांत उरकली जाते. पुढच्या आठ तासांत त्याचा भुर्दंड येणाराच भरतो, म्हणून लेखी हँडओव्हर त्याला स्वतःला हवा असतो.

वाढदिवस, संचालकांचे संदेश, रजेचे अर्ज यांनी सुरुवात करू नये. हे सोपे वाटते म्हणून निवडले जाते, आणि त्यामुळे पहिल्याच आठवड्यात नव्या टूलची ओळख नोटीसबोर्ड अशी होते.

टप्पा ३: टूल, लायसन्स आणि लॉगिन

टूलच्या निवडीवर फार दिवस घालवू नयेत. आधी बिल पाहा: मायक्रोसॉफ्ट ३६५ किंवा गूगल वर्कस्पेस कंपनी आधीच वापरत असेल तर त्यातले चॅटचे साधन बहुधा हाताशीच असते, फक्त मायक्रोसॉफ्टच्या काही योजना आता टीम्सशिवायही विकल्या जातात, हे तपासून घ्या. शॉपफ्लोअरच्या माणसांसाठी स्वस्त, वेगळ्या योजनाही असतात. मोफत योजना घेताना जुने मेसेज किती दिवस दिसतात ते विचारा. स्लॅकच्या मोफत योजनेत मागच्या ९० दिवसांचेच मेसेज दिसतात, म्हणजे मशीनचा वर्षभराचा इतिहास शोधण्यासाठी ती उपयोगाची नाही. आपला मजकूर एक दिवस बाहेर कसा काढता येईल, हाही प्रश्न खरेदीपूर्वीच विचारावा. मेटाने कंपन्यांसाठीचे आपले ‘वर्कप्लेस’ हे टूल बंद करणार असल्याचे २०२४ मध्ये जाहीर केले, तेव्हा अनेक कंपन्यांना ही विचारणा घाईत करावी लागली.

खरी अडचण लॉगिनची असते. ऑपरेटरकडे कंपनीचा ईमेल नसतो. एचआरच्या नोंदीतला मोबाइल नंबर कित्येकदा मुलाच्या फोनमध्ये असतो, त्यामुळे ओटीपी घरी जातो आणि माणूस टॅबलेटसमोर उभा राहतो. त्याला वाटते की आपल्यालाच हे जमत नाही, आणि तो पुन्हा त्या टॅबलेटजवळ फिरकत नाही. म्हणून प्रत्येकाचे खाते आयटीने आधीच उघडून, एकदा लॉगिन करून, पडताळणीचा प्रश्न सोडवूनच माणसाला बोलवावे. जिथे फोन आत नेण्यास बंदी आहे तिथे सुपरवायझरच्या टेबलावर साखळीने बांधलेला, चार्जरसह एक टॅबलेट ठेवावा आणि प्रत्येक पोस्टमध्ये लिहिणाऱ्याचे नाव घालण्याची पद्धत पाडावी.

तपासणी: रात्रपाळीत स्वतः जाऊन, सर्वांत लांबच्या मशीनजवळ उभे राहून फोटोसह एक मेसेज पाठवा. पत्र्याच्या शेडमध्ये वायफाय पोहोचत नसेल तर पुढचे टप्पे थांबवा आणि आधी ते दुरुस्त करा.

टप्पा ४: चॅनेल, नावे आणि एका पानाचे नियम

सुरुवातीला तीनपेक्षा जास्त चॅनेल उघडू नयेत: निवडलेल्या कामासाठी एक, टूलविषयीच्या अडचणींसाठी एक, आणि गरज असेल तरच सर्वसाधारण सूचनांसाठी एक. चॅनेलचे नाव विभागाचे नसावे, कामाचे असावे. ‘प्रॉडक्शन’ या नावावरून तिथे काय टाकायचे हे कळत नाही, ‘पाळीबदल मशीनशॉप’ यावरून कळते.

त्यानंतर पोस्टचा नमुना ठरवावा आणि तो चॅनेलच्या वर पिन करावा. रिकाम्या चौकटीसमोर काय लिहावे हे सुचत नाही, म्हणूनच बरेच जण लिहीत नाहीत. हँडओव्हरचा नमुना असा असू शकतो:

“मशीन १२, टर्निंग. पहिली पाळी. नग २१४, रिजेक्शन ३. स्पिंडलला आवाज येतो आहे, मेंटेनन्सला २:४० ला कळवले, अजून कोणी आले नाही. पुढच्या पाळीने पहिले पाच नग मोजूनच चालू करावे.”

यात मशीन, संख्या, अडचण, कोणाला कळवले आणि पुढच्याने काय करायचे, एवढे पाच मुद्दे आले. याहून जास्त मागू नका.

नियमांचे एक पान मराठीत आणि गरज असेल तिथे हिंदीत काढून टॅबलेटशेजारी चिकटवावे. त्यात कोणता निरोप कुठे टाकायचा, त्याला किती वेळात उत्तर मिळेल, उत्तर त्याच मेसेजखाली कसे द्यायचे, आणि सर्वांना टॅग कोणी करायचे हे असावे. अपघात, आग किंवा गळती असेल तर आधी फोन आणि हाक, मेसेज नंतर, हे वाक्य ठळक अक्षरांत असलेच पाहिजे. आधारकार्ड, पगारपत्रक, वैद्यकीय कागद चॅनेलवर टाकू नयेत, हेही लिहावे.

पाळी संपल्यावर उत्तराची अपेक्षा नाही, असेही त्याच पानावर स्पष्ट लिहावे. कामाच्या वेळेनंतर संपर्क नाकारण्याचा हक्क देणारे खासगी विधेयक खासदार सुप्रिया सुळे यांनी लोकसभेत मांडले होते, पण त्याचा कायदा झालेला नाही. त्यामुळे ही मर्यादा कंपनीनेच घालावी लागते. ती घातली नाही तर माणसे ॲपच फोनमधून काढून टाकतात, आणि तसे करण्यात त्यांचे काही चुकत नाही.

सावधान: भाषेची अट घालू नका. मराठी, हिंदी, इंग्रजी अक्षरांतली मराठी, बोलून टाइप केलेले, सगळे चालेल असे प्लँट हेडने स्वतः सांगावे. साहेब वाचणार म्हटल्यावर शुद्धलेखनाच्या धास्तीने उत्तम सेटरसुद्धा गप्प बसतात. सर्वांसमोर कोणाचे शुद्धलेखन सुधारणारा एक मेसेज दहा जणांचे लिहिणे थांबवतो.

टप्पा ५: वरिष्ठांना दोन आठवडे आधी बसवा

प्लँट हेड आणि विभागप्रमुखांनी टूल सर्वांच्या दोन आठवडे आधी वापरायला घ्यावे. त्यांच्याकडून भाषण नको, तीन गोष्टींची कबुली हवी. त्यांनी निवडलेल्या कामाविषयीचा प्रश्न फोनवर न विचारता चॅनेलवर विचारावा. आलेल्या प्रश्नाला त्याच दिवशी उत्तर द्यावे. आणि चॅनेलवर कोणालाही झापू नये.

तिसरी गोष्ट सर्वांत अवघड जाते. कधी ना कधी एखादा ऑपरेटर लिहितो की माझ्याकडून ऑफसेट (मशीनमध्ये भरायची मापाची दुरुस्ती) चुकीचा पडला, आठ नग गेले. त्या मेसेजखाली प्लँट हेड काय लिहितो, याकडे तीनही पाळ्यांचे लक्ष असते. “कळवल्याबद्दल धन्यवाद, पुढच्या पाळीने आधी ऑफसेट तपासावा” एवढेच आले तर दुसऱ्या दिवशी आणखी दोघे लिहितात. तिथे जाहीर पाणउतारा झाला तर त्यानंतर चॅनेलवर फक्त “सर्व ठीक” येत राहते, आणि असे चॅनेल असण्यापेक्षा नसलेले बरे. समज द्यायची असेल तर ती केबिनमध्ये द्यावी.

टप्पा ६: प्रत्येक पाळीतून एक जाणता माणूस

मदतनीस म्हणून आयटीतला मुलगा किंवा फोन चटकन चालवणारा नवा ट्रेनी नेमला जातो. ही निवड बहुधा चुकते. अडल्यावर ज्याच्याकडे लोक आधीपासून जातात तो माणूस शोधा. तो स्टोअरमधला वीस वर्षे जुना सहकारीही असू शकतो. त्याला आधी दोन दिवस शिकवा, आणि पुढचे सहा आठवडे रोजचा अर्धा तास त्याच्या कामातच धरा. हा वेळ त्याच्या जेवणाच्या सुट्टीतून काढला तर तो मदत करणे सोडून देईल.

कामगार संघटना असेल तर तिच्या प्रतिनिधींशी सुरुवातीपूर्वीच बोलावे. हे आमच्यावर नजर ठेवायला आहे का, हा प्रश्न रास्त आहे. कोणाला काय दिसते, किती दिवस साठते आणि ते कशासाठी वापरले जाणार नाही, याचे उत्तर लेखी द्यावे. कंत्राटी कामगारांना खाते द्यायचे की नाही, हेही आत्ताच ठरवा. रात्रपाळीतली निम्मी मशीन त्यांच्याकडे असतील आणि खाते नसेल, तर हँडओव्हर तिथेच तुटतो.

टप्पा ७: प्रशिक्षण मशीनजवळ, पंधरा मिनिटांचे

ट्रेनिंग रूममध्ये प्रोजेक्टरवर दाखवलेले बटन शॉपफ्लोअरवर आठवत नाही. एका वेळी तीन-चार माणसे घ्या, टॅबलेटजवळ उभे राहा, आणि फक्त तीन कृती शिकवा: चॅनेल उघडून फोटोसह पोस्ट टाकणे, दुसऱ्याच्या पोस्टखाली उत्तर देणे, आणि कालची पोस्ट शोधणे. शिकवणाऱ्याने स्क्रीनला हात लावायचा नाही. “इकडे द्या, मी करून दाखवतो” म्हटले की शिकणे तिथेच संपते.

तिसरी कृती बरेच जण गाळतात, आणि मला ती सर्वांत मोलाची वाटते. “मशीन १२” असे टाइप केल्यावर मागच्या आठवड्यातल्या सगळ्या नोंदी आणि फोटो एकाखाली एक समोर आले, की मेंटेनन्सच्या फिटरचा चेहरा बदलतो, कारण याच माहितीसाठी तो रोज चार जणांना फोन करत असतो. त्यासाठी प्रशिक्षणापूर्वीच आठवडाभराचे खरे हँडओव्हर चॅनेलवर भरून ठेवावेत. रिकाम्या चॅनेलवर शोधायला काहीच नसते.

तपासणी: दोन दिवसांनी त्याच माणसाजवळ जा आणि काहीही न सांगता एक पोस्ट टाकायला सांगा. तो अडला तर प्रशिक्षण अपुरे राहिले असे समजून पुन्हा घ्या.

टप्पा ८: जुना मार्ग तारखेने बंद करा

बहुतेक कंपन्या इथे कचरतात. “सध्या दोन्हीकडे टाका, सवय झाली की व्हॉट्सॲप बंद करू” असे सांगितले जाते. दोन्हीकडे टाकणे म्हणजे दुप्पट काम. दमलेला माणूस त्यातले एक सोडतो, आणि जे हातात आधीपासून आहे ते कोणी सोडत नाही. म्हणून ज्या दिवशी काम नव्या टूलवर येते, त्या दिवशी त्या एका कामासाठी व्हॉट्सॲपचा वापर संपतो, असे तारखेसह जाहीर करावे.

पहिल्या आठवड्यात कोणी चुकून ग्रुपवर हँडओव्हर टाकला तर मदतनीसाने तो स्वतः चॅनेलवर नेऊन, टाकणाऱ्याचे नाव लिहून, त्याला शांतपणे कळवावे. दुसऱ्या आठवड्यात ग्रुपवरच्या मेसेजला उत्तर मिळेल, पण ते चॅनेलवर. तिसऱ्या आठवड्यात ग्रुपचे सेटिंग बदलून फक्त ॲडमिनलाच मेसेज पाठवता येतील असे करावे आणि हँडओव्हर आता कुठे असतो हे सांगणारा मेसेज तिथे पिन करून ठेवावा. ग्रुप डिलीट करू नका. जुने फोटो कोणाला तरी लागतात. वाढदिवसाचा, सहलीचा, क्रिकेटचा ग्रुप असेल तर त्याला हातही लावू नका. तो माणसांचा आहे, कंपनीचा नाही.

एक फट मात्र राहतेच. ग्राहकाचा खरेदी अधिकारी आणि ट्रान्सपोर्टवाला व्हॉट्सॲपवरच बोलणार. त्यांचा निरोप आत कोणी आणायचा हे नावानिशी ठरले नाही, तर डिस्पॅचच्या एका माणसाच्या खासगी फोनमध्ये अर्धी कंपनी अडकून राहते, आणि तो रजेवर गेला की गाडी कुठे आहे हे कोणालाच सांगता येत नाही. बाहेरून आलेला प्रत्येक बदल, डिलिव्हरी चलानाच्या फोटोसह, ज्याला आला त्यानेच अर्ध्या तासात चॅनेलवर टाकावा, आणि तोपर्यंत आतल्या कोणीही त्यावर काम सुरू करू नये. डिस्पॅच पुढे हलवाल तेव्हा हा नियम पहिल्याच दिवशी लावा.

सावधान: कागदी हँडओव्हर रजिस्टर बंद करण्यापूर्वी क्वालिटी हेडला विचारा. आयएटीएफ १६९४९ (वाहन उद्योगाचे गुणवत्ता मानक) किंवा ग्राहकाच्या ऑडिटसाठी ती नोंद लागत असेल, तर चॅनेलवरची नोंद चालेल का आणि किती काळ जपावी लागेल, याचे लेखी उत्तर घ्या. मात्र रजिस्टर, एक्सेल आणि चॅनेल अशी तीन ठिकाणी एकच माहिती भरायला लावू नका.

टप्पा ९: पहिले सहा आठवडे

सकाळच्या प्रॉडक्शन मीटिंगमध्ये चॅनेल स्क्रीनवर उघडावे आणि रात्रीचा हँडओव्हर तिथूनच वाचावा. रात्रपाळीच्या माणसाला आपले लिहिलेले वाचले जाते हे कळण्याचा याहून चांगला मार्ग मला माहीत नाही. जे चॅनेलवर नाही ते मीटिंगमध्ये विचारायचे ते त्या पाळीच्या सुपरवायझरला, आणि आवाज न चढवता.

रोज संध्याकाळी मदतनीसाने उत्तर न मिळालेल्या पोस्टची यादी विभागप्रमुखाला द्यावी. फिटरने सोमवारी प्रश्न टाकला आणि मंगळवारीही कोणी उत्तर दिले नाही, तर तो बुधवारी फोन करतो आणि पुन्हा कधी लिहीत नाही. सर्वाधिक पोस्ट टाकणाऱ्याला बक्षीस ठेवू नये. त्यामुळे “गुड मॉर्निंग” वाढतात.

टप्पा १०: काय मोजायचे

लॉगिनची संख्या दिसायला छान असते, तिच्यावरून काही कळत नाही. आठवड्याला सहा दिवस आणि तीन पाळ्या असतील तर १८ पाळीबदल होतात. त्यांपैकी कितींचा हँडओव्हर आठवण न करता पडला, हा आकडा पाहा. दुसरा आकडा प्रश्नाला पहिले उत्तर मिळायला लागलेल्या वेळेचा. एवढे दोन पुरेत.

सर्वांनी लिहावे अशी अपेक्षा धरू नये. ऑनलाइन समूहांत साधारण ९० टक्के लोक फक्त वाचतात, ९ टक्के अधूनमधून लिहितात आणि १ टक्काच सतत लिहितो, असा ढोबळ नियम वेबसाइटच्या वापरसुलभतेचे तज्ज्ञ जेकब नील्सन यांनी २००६ मध्ये मांडला होता. कारखान्यातले प्रमाण वेगळे असेल, पण वाचून त्याप्रमाणे काम करणारा ऑपरेटर टूल वापरतोच आहे. व्यक्तिगत पोस्टची संख्या वार्षिक मूल्यमापनात आणू नका. संघटनेला दिलेला शब्द तिथेच मोडतो.

टप्पा ११: दुसरे काम

सलग चार आठवडे १८ पैकी किमान १६ हँडओव्हर आठवण न करता पडू लागले, की दुसरे काम घ्यावे आणि टप्पा ४ पासून पुन्हा सुरू करावे. त्याआधी जुन्या चॅनेलची साफसफाई करावी, आणि नोकरी सोडून गेलेल्यांची खाती त्याच दिवशी बंद होतात का ते एचआरकडे तपासावे. ड्रॉइंग हलवणार असाल तर पीडीएफ कुठेही पाठवायची नाही, फक्त नवीनतम फाइलची लिंक द्यायची, हा नियम आधी करा आणि फोनमधली जुनी ड्रॉइंग प्रत्येकाकडून समोर बसून काढून घ्या.

दुसरे काम कोणते असावे, हे पहिल्या टप्प्यातल्या वहीत असतेच. तरीही निवड करण्यापूर्वी एकदा रात्रपाळीच्या सुपरवायझरला विचारा. रात्री अडल्यावर विचारायला ऑफिसात कोणी नसते, त्यामुळे कोणती माहिती हाताशी नव्हती म्हणून कोणते मशीन किती वेळ उभे राहिले, याचा हिशेब त्याच्याकडे असतो.